मामाचा एक दात सोडून

...आणि मुळात मी पैज लावलीच नव्हती हो, मी नुसतं बोललो होतो. बोलण्यात आणि पैज लावण्यात काही फरक असतो की नाही? तुम्हीच सांगा. सकाळची वेळ, मामा आरशासमोर उभा राहून हसायची प्रॅक्टिस करतोय... म्हणजे बघा, माणसाला हसायची प्रॅक्टिस करावी लागतेय... आणि मी मागून जाता जाता एवढंच म्हटलं, 'मामा, ती नवीन बस पिवळी आहे का रे? नाही, मॅचिंग होईल म्हणून विचारलं.' झालं. मामा गर्रकन वळला. 'पंधरा दिवसांत दात पांढरे करून दाखवतो.' मी म्हटलं, 'करून दाखव, महिनाभर तोंडातून शब्द काढणार नाही.' आता असं आपण बोलतो, बोलायचं असतं म्हणून बोलतो. पण आई स्वयंपाकघरातून हाताला पीठ तसंच घेऊन धावत आली आणि म्हणाली, 'लावली.' मामाच्या आधी आईनं लावली. बाथरूमचं दार फटीएवढं उघडलं, साबणानं भरलेलं बाबांचं डोकं बाहेर आलं, 'काय? हा महिनाभर गप्प बसणार?' आमचे बाबा कुलुपं-किल्ल्यांचं दुकान चालवतात, दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक त्यांनी ह्याच्यावर खर्च केलं. मग मामा तरी काय करणार, टाळी द्यायला हात पुढे केला बिचाऱ्यानं.

थकलो हो मी. खरंच थकलो.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, लग्नबिग्न नाही, आमच्याकडेच राहतो, आणि चालवतो काय, तर शववाहिनी. हो, तीच. चौदा वर्षं. आता त्या गाडीवर ड्रायव्हर हसला नाही म्हणून कुणाची तक्रार येते का? हसला तर येईल. त्यामुळे मामाच्या दातांकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, मामाचंसुद्धा. पण मामाच्या गाड्यांच्या खात्यात नोटीस लागली, की गाव दाखवायच्या नवीन बससाठी ड्रायव्हर पाहिजे, गाडीवर हात साफ असावा, पाहुण्यांशी गोड बोलता यावं आणि चेहरा हसतमुख असावा. गाडीवर हात साफ आहेच, चौदा वर्षांत मागून एकाचीही तक्रार नाही. गोड तर तो इतका बोलतो, की मीठ मागतानासुद्धा वाटतं कुणीतरी गेलंय. अडलं कुठे, तर हसण्यात. दिवसाला आठ-नऊ कप चहा, त्यामुळे दातांना रंग असा चढला होता की जुन्या कपाटाच्या आतल्या बाजूला असतो ना, तसा. पण रुबाब बघा, जेवताना रोज ऐकवणार, 'बत्तीसच्या बत्तीस आहेत, आणि सगळे ओरिजनल. दाताच्या डॉक्टरची पायरी चढलो नाही.' हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून माझी ही गत झाली.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगा उगाच रडतोय. मी काही धुतल्या तांदळाचा नाही. शेजारच्यांच्या पांढऱ्या कुत्र्याला मार्करनं भुवया काढल्या होत्या, त्या मीच. महिनाभर ते कुत्रं सगळ्यांकडे आश्चर्यानं बघत होतं, पोस्टमन दोनदा माघारी गेला. बाबांच्या दुकानाच्या दारावर 'ढकला' काढून 'ओढा' लावलं, तेही मीच, आणि कुलूपवाल्याचंच दार उघडेना म्हणून लोक हसत गेले. मी नाकारत नाही. केलं ते केलं. पण त्याचा परिणाम असा झालाय, की आता घरात काहीही झालं, नळ गळला, दूध उतू गेलं, बाबांचा चष्मा बाबांच्याच डोक्यावर सापडला, तरी पहिली हाक मला. आमच्या घरात पुरावा लागत नाही, मी लागतो.

तर पैज लागली. मेडिकलच्या दुकानात मामा मलाच घेऊन गेला, कारण पाकिटावरचं बारीक अक्षर त्याला दिसत नाही आणि चष्मा लावला तर तो म्हातारा दिसतो. आता मी नववीत दोन वर्षं काढलेला माणूस, मला कुठलं ते वाचता येतंय. पण त्या मेडिकलवाल्याला बोलायची भारी हौस. काउंटरवर बाटल्यांची रांगच लावली त्यानं. निळी, हिरवी, जांभळी. 'हे साधं माउथवॉश, तोंडाचा वास जातो. हे बिनअल्कोहोलचं, ह्यानं तोंड कोरडं पडत नाही. हे हिरड्यांचं औषध आहे, डॉक्टरनं सांगितलं तरच घ्यायचं, जास्त दिवस वापरलं तर उलट दातांवर डाग पडतात.' मामानं नेमकं तेच उचललं, झाकण उघडून हुंगलं, म्हणाला, 'हे कडक वाटतंय, हेच द्या.' मेडिकलवाला म्हणाला, 'अहो, डाग पडतात म्हणालो ना मी.' मामा म्हणाला, 'कडू आहे म्हणजे औषध खरं आहे.' ओढाओढी झाली हो काउंटरवर. मी एका बाजूनं ओढतोय, मेडिकलवाला दुसऱ्या बाजूनं, मागे एक बाई खोकल्याच्या गोळ्यांसाठी उभी, ती म्हणते, 'द्या ना त्यांना, माझा खोकला बरा होईल तोवर.'

शेवटी ठरलं काय, तर बिनअल्कोहोलचं माउथवॉश, आणि दातांना चिकटवायच्या त्या पट्ट्या असतात बघा, रोज अर्धा तास लावून बसायचं, दोन आठवडे. मी आपलं शहाणपण म्हणून विचारलं, 'कोळशाची पेस्ट? नाहीतर लिंबू आणि सोडा?' मेडिकलवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं की आता हा शाळेत फोन करणार. 'दाताचं वरचं कवच एकदा झिजलं की परत येत नाही. घर साफ करायला आपण भिंत खरवडतो का?' मग मामाकडे वळून म्हणाला, 'पट्ट्या लावताना दात थोडे ठणकतील, फार ठणकले तर थांबा. चहा बंद. आणि मला सांगा, पुढे कुठे कॅप, फिलिंग वगैरे बसवलंय का?'

आणि मामा काय म्हणाला? माझ्यासमोर, त्या खोकलेवाल्या बाईसमोर?

'छे. सगळे ओरिजनल.'

मेडिकलवाला पुढे काहीतरी सांगत होता, पण मामा पिशवी उचलून बाहेर. कधी नव्हे ती घाई. आता आठवतंय मला, तेव्हा वाटलं चहाची वेळ झाली असेल.

पुढचे पंधरा दिवस आम्ही काय काढलेत, आमचं आम्हाला ठाऊक. आमच्याकडे बाथरूम एक. मामा सकाळी आत शिरला की आतून आवाज, गुळगुळगुळगुळ... बाबा बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभे, आई दार वाजवतेय, 'अरे आटप', आतून उत्तर काय, तर गुळगुळगुळ. अर्धा मिनिट सांगितलंय पाकिटावर, हा पाच-पाच मिनिटं. एकदा खात्यातून साहेबांचा फोन आला, ह्यानं तोंडात ते तसंच ठेवून उचलला. साहेब म्हणाले, 'नदीवर आहात का?'

त्यात चहा बंद. चहा बंद झाल्यावर मामा कसा झाला सांगू? मालकानं दावणीला बांधून विसरलेल्या बैलासारखा. डोकं धरून बसायचा. कपात गरम पाणी घेऊन फुंकर मारत प्यायचा आणि डोळे मिटून 'आहा' म्हणायचा, आम्ही तिकडे तोंड फिरवायचो, बघवायचं नाही. शववाहिनीच्या स्टँडसमोर एक चहावाला आहे, चौदा वर्षांचं गिऱ्हाईक तीन दिवस आलं नाही म्हटल्यावर त्याला जे वाटायचं तेच वाटलं, तो बिचारा संध्याकाळी पांढरा शर्ट घालून आमच्या घरी आला, दारातच आईचा हात धरला, 'ताई, कसं झालं हो?' आणि आतून मामा दातांना पट्ट्या लावून, 'ओण आलंय?' करत बाहेर. तो चहावाला खालीच बसला. मग त्याला चहा करून द्यावा लागला, आणि तो मामासमोर बसून प्यायला. मामाच्या डोळ्यांत पाणी. चहावाल्याला वाटलं आपल्यासाठीच आहे.

आणि ह्या सगळ्यात मामा दात दाखवेना. हसायचं नाही, बोलायचं तर तोंडावर हात धरून, जेवायचं तर भिंतीकडे बघून. 'शेवटच्या दिवशी एकदम दाखवणार,' म्हणे. आईला कौतुक, 'बघ, जिद्द म्हणतात ती ही, तुझ्यात आहे का?' मी काय बोलणार? महिनाभर गप्प बसायची तयारी मी मनातल्या मनात सुरूच केली होती.

उजाडला तो दिवस. दुपारी मुलाखत. सकाळी आईनं मामाला खिडकीपाशी उजेडात उभं केलं, इस्त्रीचा शर्ट, केस बसवलेले, आम्ही समोर तिघं, नाटकाला बसतात तसे. आई म्हणाली, 'हं, हस.' आणि मामा हसला.

तुम्हाला सांगतो, खोटं नाही बोलणार, दात पांढरे झाले होते. अगदी टीव्हीतल्या जाहिरातीसारखे नाही, पण स्वच्छ, छान, माणसाचे दात वाटत होते. एक सोडून. वरचा, पुढचा, बरोब्बर मधला. तो जसाच्या तसा. चहाच्या रंगाचा. नवीन कोऱ्या शर्टाला मध्यभागी एकच जुनं बटण असावं ना, तसा. बाकीचे पिवळे होते तेव्हा तो त्यांच्यात मिसळून गेला होता हो, आता एकटा पडला होता.

मामानं आरसा घेतला. आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आरसा खाली ठेवला, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, 'ह्यानं रंगवला.'

मी? मी आत्ता उठलोय. माझ्या तोंडाला अजून पाणी लागलं नाही. पण आई वळली, तिचं ते बघणं मला तोंडपाठ आहे, 'ज्यानं कुत्र्याला भुवया काढल्या त्याला मामाचा दात काय जड?' मी म्हटलं, 'आई, मी हात नाही लावला.' 'पैज हरत होतास ना? गप्प बसावं लागलं असतं ना?' खरंच हरत होतो. तिनं माझ्या दप्तरातून तो मार्कर काढला, टेबलावर ठेवला, मामाला खुर्चीत बसवलं आणि ब्रश घेऊन दात घासायला लागली. खसाखसा. मामा 'आ' करून बसलाय, शब्द नाही. बाबा किल्ल्या बघायचं भिंग घेऊन आले, वाकून बघितलं, म्हणाले, 'रंग असता तर निघाला असता.' दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, पण ऐकतंय कोण? आमच्या घरात पुरावा लागत नाही, मी लागतो.

आणि आईनं निकाल दिला. 'तू मामाबरोबर जायचं, मुलाखत घेणाऱ्या त्या मॅडमसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, की हे मी केलं. नाहीतर त्यांना वाटेल ह्याला दात घासायची सवय नाही.' मी मामाकडे बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, बरं. का म्हटलं? अहो, निर्दोष असायची मला सवयच नाही. काय करतात तेव्हा, कुठे उभं राहतात, हात कुठे ठेवतात, काही माहीत नाही. गुन्हा कबूल करणं मला जमतं, ते रोजचं आहे.

वाटेत मामानं मला आईस्क्रीम घेऊन दिलं. न मागता. मामा, आणि न मागता. मी तिथेच ओळखायला पाहिजे होतं, पण आईस्क्रीम समोर असलं की माझं डोकं चालत नाही. थंडगार ते बघूनच त्याचे दात ठणकले, त्यानं गाल धरला. मी विचारलं, 'मामा, तुला एवढी कसली हौस रे त्या बसची? पगार तर तेवढाच.' त्यानं गालावरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, 'माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसत नाही रे. मागे उभे राहतील, दाटीवाटीनं जातील, पण पुढे नाही. रस्त्यानं जाताना खेळणारी पोरं गप्प होतात. मला एकदा असं वाटतं, की मी गाडी थांबवावी आणि लोकांनी म्हणावं, अरेच्चा, आलं पण एवढ्यात?'

आता हे ऐकल्यावर आईस्क्रीम घशाखाली जातं का, सांगा. मी मनात म्हटलं, जाऊ दे. घेऊ अंगावर. एवढे घेतले, हा एक. आणि घ्यायचाच तर असा घेऊ, की मॅडमना शंका येता कामा नये.

तिथेच माती खाल्ली.

ऑफिसात लांब बाक, भिंतीला टेकून टेकून डोक्याचे तेलकट डाग पडलेले, पंखा फिरतोय पण वारा दुसऱ्यालाच. आमच्या आधी कचरागाडीचा एक ड्रायव्हर होता, तो आतून नुसता हसत बाहेर आला, काय दात होते त्याचे, मामानं मान खाली घातली. मग आम्ही आत. मॅडम वयस्कर, चष्मा दोरीला बांधलेला, समोर पेन. गाडीचं विचारलं, रस्त्यांचं विचारलं, मामानं घडाघडा सांगितलं, त्याच हळू आवाजात. मॅडमनी दोनदा मान हलवली. मग म्हणाल्या, 'छान. आता जरा हसून दाखवा.'

मामा हसला.

मॅडमनी चष्मा लावला. 'हा मधला...?'

मामाचं कोपर माझ्या बरगडीत. मी एक पाऊल पुढे आलो. 'मॅडम, तो मी रंगवला.'

'कशानं?'

'मार्करनं.'

'कधी?'

'रात्री. मामा झोपले होते तेव्हा.'

'तोंड उघडं ठेवून झोपतात?'

आता इथे 'हो' म्हणून थांबायचं की नाही? पण माझ्या अंगात कला आहे हो, ती मध्येच उसळते. 'थोडंसं उघडं असतं मॅडम, बाकीचं मी बोटानं उघडलं. ओठ वर केला, चिमट्यानं धरला, कपड्यांचा असतो तो. दात आधी कापसानं कोरडा केला, नाहीतर रंग धरत नाही. मग एक हात मारला. वाळू दिला. मग दुसरा हात.'

मॅडमनी पेन खाली ठेवलं. 'म्हणजे ह्यांच्या ओठाला चिमटा लावला, तोंडात कापूस घातला, दोन हात रंग दिला... आणि ह्यांना जाग आली नाही?'

मी अभिमानानं म्हटलं, 'अजिबात नाही.'

'मग हे रात्री काय घेऊन झोपतात?'

पंख्याचा कुरकुर आवाज. मॅडमनी मामाचा कागद बाजूला सारला. 'असं बेशुद्ध झोपणाऱ्या माणसाच्या हातात मी चाळीस माणसं द्यायची? डोंगरातल्या वळणावर? आहात तिथे ठीक आहात, तिथल्या माणसांना घाई नाही.' आणि हाक मारायला घंटीकडे हात नेला. 'पुढचा पाठवा.'

मी मामाकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, चौदा वर्षं त्या गाडीवर बसूनही त्याचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. बस चालली होती, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि ती मी हाकलली होती, दोन हात रंग देऊन. मला वाटलं आता तोंड उघडून खरं सांगावं. पण मला खरं माहीतच कुठे होतं?

मामा उठला. 'मॅडम, पोरानं काही केलेलं नाही. तो खोटं बोलतोय. तो दात माझा नाही.'

मॅडमची खुर्ची हातभर मागे सरकली. 'मग कुणाचा आहे?'

शववाहिनीचा ड्रायव्हर हो. त्यांना तरी काय वाटणार?

'नाही नाही मॅडम, तसं नाही, कॅप आहे. टोपण. खोटा दात. औषधानं खरे दात उजळतात, हा नाही उजळत, त्या मेडिकलवाल्यानं विचारलं होतं, मी लपवलं. दहा वर्षं झाली. घरात कुणाला माहीत नाही.'

'लपवायचं काय त्यात?'

मामानं माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, मग खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. 'ड्यूटीवर मोडला. मागे सगळी मंडळी रडतायत, आणि मी पुढे लपून लिमलेटची गोळी खात होतो. खड्डा आला, गोळी दाताखाली आली, कट्कन मोडला. मी ओरडलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मागच्यांना वाटलं ड्रायव्हर रडतोय. त्यांनी रडायचं थांबवून माझी समजूत काढली, मॅडम. एका काकूंनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, एवढा जीव कोण लावतो हल्ली? दर वर्षी मला फोन करून बरं वाटतंय का विचारतात. आता त्यांना कसं सांगू, की गोळी होती? म्हणून कुणालाच नाही सांगितलं. आणि आज सकाळी आरशात बघितलं, कळलं, आणि... पोरगं समोर होतं. त्याच्यावर ढकललं. त्याच्यावर काहीही ढकललं तरी बसतं.'

मॅडमचे खांदे हलायला लागले. त्यांनी फाईल तोंडासमोर धरली, फाईलही हलायला लागली. आणि मग मामा हसला. प्रॅक्टिसचं नाही, खरं, पोट धरून, पिवळ्या दातासकट. मी जन्मात त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. दारातून शिपाई डोकावला, कोण हसतंय बघायला.

'सोमवारपासून या,' मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. 'आधी तीन महिने बघू. आणि एकदा दाताच्या डॉक्टरला दाखवा, नवीन बसवून देतील रंग जुळवून. नाही बसवलात तरी चालेल. लोकांना वाटेत ही गोष्ट सांगा.'

सुटलो. आयुष्यात पहिल्यांदा निर्दोष सुटलो हो मी, तेही सरकारी ऑफिसात, मामाच्या स्वतःच्या तोंडानं. छाती पुढे काढून दाराकडे निघालो, तर मागून आवाज.

'ए, तू थांब. सरळ तोंडावर एवढं खोटं बोललास माझ्याशी? चिमटा काय, कापूस काय. उद्या आई-वडिलांना घेऊन ये.'

शाळेत ठीक आहे. गाड्यांच्या खात्यातसुद्धा पालकांना घेऊन ये? मी म्हटलं, 'मॅडम, हे आहेत ना पालक. मामाच आहेत. ह्यांच्यासाठीच तर बोललो.' आणि मामाकडे बघितलं, आता हा बोलेल दोन शब्द माझ्या बाजूनं. बोलला. नव्या नोकरीच्या तोऱ्यात, एकदम गंभीर चेहरा करून...

'आणतो मॅडम. त्याच्या आईलाच आणतो.'